झाकण पाहून घेजा

अमरावतीच्या पावर हौसात मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी मी एका मेलेल्या माणसावर चोरीचा आळ घेतला. तो माणूस म्हणजे पावर हौस बांधणारा ठेकेदार. इंजिनांच्या मोठ्या हॉलमध्ये प्रत्येक इंजिनाच्या ओट्याभोवती, फरशी आणि ओटा यांच्यामध्ये, बोटभर रुंदीची फट होती. ती फट वाळूनं भरून वरून डांबर लावलं होतं. मी वाकून पाहिलं, बोट घालून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, इथं पाणी मुरतंय. फरशा कमी पडल्या असतील, किंवा त्या ठेकेदाराच्या घरी लागल्या असतील. दुपारी साहेबांच्या कानावर घातलं.

साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, पुण्याकडचे. त्यांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं. मग सांगितलं की ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. इंजिनाचा पाया वेगळा, इमारतीचा पाया वेगळा. दोघांची कुठंही गाठ पडू द्यायची नाही. एवढं धूड दिवसरात्र थरथरणार, ती थरथर भिंतीत गेली तर वर्षभरात भिंती फाटतील. "अकोल्यात दोन वर्षं काढलीत ना?" त्यांनी विचारलं. काढली होती. पण अकोल्याच्या पावर हौसात या फटीवर लाकडी पट्टी मारलेली होती, त्यामुळं ती मला कधी दिसली नव्हती. साहेबांना मी हेही सांगितलं. ते हसले नाहीत. माझ्याबद्दल त्यांचं मत त्या दिवशी बनलं असावं.

माझा स्वभावच तसा. माझं गाव हिवरखेड. घरची काळ्या मातीची शेती, भाऊबंदकी भरपूर, आणि धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, दगड रात्रीतून चार बोटं सरकतो हे लहानपणापासून पाहिलेलं. सकाळी उठून बाप आधी धुरा पाहायचा, मग तोंड धुवायचा. मी शिकलो, वायरमनची परीक्षा दिली, स्विचबोर्डावर बसलो, पण ती नजर काही गेली नाही. बोर्डावरच्या माणसाला ती उपयोगीही पडते. काट्यांवर, दिव्यांवर, माणसांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, हेच तर काम होतं. मला वाटायचं, या कामासाठीच मी जन्मलो.

ती इमारत मात्र देखणी होती, हे संशय घेत घेतच मला कबूल करावं लागलं. ब्रिटिश अमदानीत शहरातल्याच काही कापसाच्या व्यापाऱ्यांनी कंपनी काढून ती बांधली होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालवायचे आणि उरलेली वीज घरांना, रस्त्यांना द्यायची, असा हिशेब. खालची पुरुषभर भिंत काळ्या दगडाची, त्यावर लाल विटा, आणि त्यात दोन मजले उंच कमानीच्या खिडक्या. खिडक्या हॉलच्या उत्तरेला जास्त आणि दक्षिणेला कमी. हेही मला सुरुवातीला खटकलं होतं. दक्षिणेच्या खिडक्या कोणी खाल्ल्या? पण आमच्याकडचं दक्षिणेचं ऊन दिवसभर आत आलं असतं तर इंजिनाआधी माणसंच बंद पडली असती. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, आणि माथ्यावर लांबलचक उंचवटा, त्याला दोन्ही बाजूंनी झडपा. गरम हवा तिकडून निघून जायची. हॉलच्या दोन लांब भिंतींच्या आत दगडी खांब होते, त्यांवर लोखंडी रूळ आणि रुळांवर हातानं साखळी ओढून चालवायची क्रेन. खांब भिंतीला लागून होते पण भिंतीचे नव्हते. ती वेगळेपणाची गोष्ट त्या इमारतीत सगळीकडं होती.

हॉलमध्ये चार डिझेल इंजिनं एका रांगेत. प्रत्येकाच्या टोकाला वीज तयार करणारं यंत्र, त्याला आम्ही अल्टरनेटर म्हणायचो. एका बाजूला चार पायऱ्या चढून कठडा, आणि कठड्यामागं पांढऱ्या संगमरवरी पाट्यांचा स्विचबोर्ड. तिथं मी बसायचो. मागच्या अंगाला गरम पाणी गार करायचा हौद होता, त्यात फवारे उडायचे. शहरातली माणसं मुलांना घेऊन तारेच्या कुंपणाबाहेरून ते फवारे पाहायला यायची. मला ती माणसंही आवडायची नाहीत. कोण काय हेरून जाईल याचा नेम नाही.

आता ज्या माणसामुळं हे लिहितोय त्याच्याकडं येतो. तो आमचा ऑइलमन. हातात लांब चोचीची तेलाची कुपी, खांद्यावर फडकं, आणि चारही इंजिनांभोवती सारख्या फेऱ्या. कुठल्या कपात तेल किती, कुठलं बेअरिंग तापतंय, कुठल्या झडपेचा आवाज बदललाय, हे सगळं त्याला काट्याच्या आधी कळायचं. तो बेअरिंगवर तळहात ठेवायचा, आणि घरातल्या आजाऱ्याचा ताप पाहावा तसा क्षणभर थांबायचा. मग माझ्या कठड्याशी येऊन सांगायचा, "भाऊ, दोन नंबरचं पाहा बरं." मी काट्याकडं पाहायचो, काटा जागच्या जागी असायचा. अर्ध्या तासानं हलायचा. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता आणि मला भाऊ म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा ते कोणाला खटकत नसे. निदान मला तरी नाही.

त्याच्या वस्तीतून पावर हौसात लागलेला तो पहिला माणूस होता. छप्पन साली दसऱ्याला त्याची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, त्यात तोही होता. परत आला तो तसाच, तीच कुपी, तेच फडकं. पण पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तसं त्यानं आमच्या हेडमिस्तरीला सांगितलं की आता मी पूजेत नाही. शांतपणे सांगितलं, भांडण नाही की काही नाही.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडं हत्यारांची पूजा. पावर हौसात तिचा थाट मोठा. चारही इंजिनं एकापाठोपाठ थांबवून धुऊनपुसून काढायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळद-कुंकू, अक्षता, नारळ. प्रत्येक जण घरून एक माळ आणायचा आणि आपलं ज्या यंत्राशी काम त्याला स्वतःच्या हातानं घालायचा. हेडमिस्तरी म्हाताराच होता, त्यानं ऑइलमनचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले मानाचं नाई ना? मंग पूजेच्या सामानाले हात लावू नको. माळीले नाई, अक्षतीले नाई. दूर राहा." ऑइलमन "बरं" म्हणाला. मी कठड्यावरून हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. आजवर सगळ्यात पुढं असणारा माणूस एकाएकी मागं का सरतो? त्या वर्षी वस्तीवस्तीतून अशी माणसं बदललेली दिसत होती. गावात कोणी कोणी त्याबद्दल कुजबुजत होतं, आणि ती कुजबूज माझ्या कानात भरपूर होती.

नवमीच्या सकाळी पूजा झाली. ऑइलमनची पाळी होती, तो हौदाकडच्या दारात उभा राहिला. मी माझी माळ तीन नंबरच्या इंजिनाला घातली. नेमकी कुठं, तेही सांगितलं पाहिजे. अल्टरनेटरच्या पलीकडच्या टोकाला, फिरणाऱ्या जाड दांड्याला आधार द्यायला एक बेअरिंग होतं, माठाएवढं ओतीव लोखंडाचं. त्याच्या आत दांड्यावर एक सैल पितळी कडं लोंबकळत असे. दांडा फिरला की कडंही फिरायचं, खालच्या तेलात बुडायचं आणि तेल वर आणून दांड्यावर सोडायचं. एवढ्यावर ते बेअरिंग जगायचं. वरती डबीसारखं एक झाकण. ते उचललं की कडं फिरतंय की नाही ते दिसे. पूजेला आम्ही ते झाकण उघडून आतल्या दांड्याला कुंकवाचं बोट लावायचो, यंत्राचं कपाळ म्हणजे तेच असं समजून. मी बोट लावलं, झाकण बंद केलं आणि झाकणाच्या मुठीला माळ बांधली. माझ्या खुर्चीवरून ती समोर दिसत होती. मला बरं वाटलं.

पेढे वाटून झाले. ऑइलमन कपडे बदलून माझ्याकडं आला. दीक्षेला वर्ष होत होतं, म्हणून तो नागपूरला निघाला होता. "भाऊ, मी जाऊन राहिलो," तो म्हणाला. "तीन नंबर चालू कराच्या आंधी तिकडचं झाकन पाहून घेजा एकडाव."

मी "हो" म्हटलं. पण डोक्यात तिडीक गेली. पूजेला उभा राहत नाही आणि जाता जाता मला शिकवतो. तो गेल्यावर मी मुद्दाम उठलो नाही. हे मी आज लिहितोय तेवढ्या सरळपणे तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो.

तीन नंबर आमचं सगळ्यात मोठं इंजिन. दसऱ्याच्या संध्याकाळी दिवे वाढतात म्हणून ते त्याच वेळी चालू केलं. ऑइलमनच्या जागी जिनिंगमधून आणलेला बदली माणूस होता. त्यानं इंजिनाच्या कपांतलं तेल पाहिलं, पलीकडचं बेअरिंग त्याच्या ध्यानातही नव्हतं. लोक सोनं वाटायला बाहेर पडले होते. तासाभरात हॉलमध्ये जळक्या तेलाचा वास आला. मी उठून पाहतो तर पलीकडच्या टोकाला धूर, आणि बेअरिंगच्या फटीतून आतल्या अस्तराचा पांढरा धातू वितळून थेंब थेंब खाली गळतोय. इंजिन बंद करावं लागलं. अर्धं शहर दसऱ्याच्या दिवशी अंधारात गेलं. गेटावर माणसं जमली आणि आम्हाला काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोणी केलं, हा प्रश्न कोणी तोंडानं विचारला नाही. विचारायची गरज नव्हती. ज्यानं पूजा टाळली, ज्यानं शेवटचं तेल घातलं आणि जो लगेच गाव सोडून गेला, तो एकच माणूस होता. हेडमिस्तरी हळू आवाजात म्हणाला, "वाळू टाकली असन." आणि मग माझ्या मनात पाल चुकचुकली. झाकण पाहून घेजा. त्याला कसं ठाऊक? चार इंजिनं, शंभर जागा, आणि त्यानं नेमकं तेच झाकण का सांगावं?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांचे लेखी जबाब घेतले. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं की, जाण्यापूर्वी सदर इसमाने मला तीन नंबरचे झाकण पाहण्यास सांगितले, यावरून त्या ठिकाणी बिघाड होणार हे त्यास आधीच ठाऊक होते असे दिसते. वाचून पाहिलं. वाक्य ठाम होतं. मला त्याचा अभिमान वाटला, हेही खरं.

ऑइलमन नागपूरहून परतला तो गेटावरच अडवला गेला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून माझा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, असं म्हणाला होतास का? तो म्हणाला, "हो, म्हनलो होतो." का म्हणालास, याला त्यानं उत्तर दिलं नाही. बाहेर येऊन सायकल घेऊन निघून गेला. सगळ्यांनी मानलं की कबूल केल्यातच जमा. त्याची नोकरी गेली असं समजून हेडमिस्तरी दुसरा माणूस शोधू लागला, आणि या वेळी कुठल्या वस्तीतला घ्यायचा नाही हेही बोलून दाखवू लागला.

बेअरिंग उघडून नवा धातू ओतायला अकोल्याहून एक मिस्तरी आला. साहेबांनी मला त्याच्यासोबत उभं केलं, पुरावा काय निघतो ते पाहायला. याहून योग्य माणूस त्यांना मिळाला नसता. क्रेनच्या साखळीनं बेअरिंगचं वरचं टोपण उचललं. खाली काळा चिखल झाला होता. अकोल्याचा मिस्तरी तो खरवडून ताटलीत टाकत होता आणि मी त्याच्या हाताकडंही संशयानं पाहत होतो, हा तर काही लपवत नाही ना. वाळू निघेल म्हणून मी तो चिखल बोटांत चोळून पाहिला. कण लागला नाही. मग त्यानं पितळी कडं बाहेर काढलं. ते जागेवर अडकून बसलं होतं, त्याच्या आणि दांड्याच्या मध्ये काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. जळून काळं झालेलं. "चिंधी असन," तो म्हणाला. "आयलमनच्या फडक्याची." आणि त्यानं ते ताटलीत टाकलं.

ती चिंधी नव्हती. मी ती उलगडली. दोरा होता, जाड, तिपदरी. वरचे वेढे जळून कोळसा झाले होते, पण सगळ्यात आतला एक वेढा तेलात राहिल्यामुळं तसाच होता. तांबडा. मिस्तरी साखळीकडं वळला होता. मी दोरा खिशात घातला.

झेंडूची माळ कोणी तांबड्या दोऱ्यात ओवत नाही. पांढऱ्या दोऱ्यात ओवतात, नाहीतर केळीच्या सोपटात. तांबडा तिपदरी दोरा लागतो गोधडीला. घरी जाऊन मी बायकोला विचारलं, नवमीची माळ कशात ओवली होती. ती तांदूळ निवडत होती. "गोधडीच्या दोऱ्यात," ती म्हणाली. "पांढरा सरला होता. तुमालेच आनाले सांगतलं होतं, तुमी इसरले. काहून?"

मी म्हटलं, काही नाही.

म्हणजे माळ माझी. झाकण बंद करताना दोऱ्याचं मोकळं टोक आत राहिलं असणार. दांडा फिरू लागला तसा त्यानं दोरा आत ओढून घेतला, कड्याभोवती वेढा बसला, कडं थांबलं, तेल थांबलं. झेंडू कुठं पडले ते त्या गर्दीत कोणी पाहिलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांचे हात तपासले, त्याला स्वतःचा हात तपासायचं सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. दोरा दोन दिवस खिशात होता. दोन दिवस मी कामावर गेलो, काटे पाहिले, आणि साहेबांच्या खोलीवरून पुढं निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑइलमनच्या घरी गेलो. साहेबांकडं नाही, त्याच्याकडं. तो पुढच्या भिंतीला चुना देत होता. घरात कोणी नव्हतं, बायको जिनिंगमध्ये कामाला गेली होती. दाराच्या वर नवीन तसबीर लावलेली दिसत होती. त्यानं खाट पुढं केली, मी बसलो. पाणी त्यानं विचारलं नाही. मी आजवर त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो आणि त्याच्या हातचं पाणी कधी प्यायलो नव्हतो, तेव्हा त्याला विचारायचं कारणही नव्हतं.

मी म्हटलं, "तू मले झाकन पाहा म्हनला होता. ते काहून?"

"लिहून देल्लं ना तुमी साहेबाले," तो म्हणाला. कुंचला चालूच होता. "मंग आता काहून पुसता?"

"सांग ना."

त्यानं कुंचला बादलीत ठेवला. "दर साली पूजा झाली का तुमी सारे पेढे खाले जात होते. मी मांगं राहून चारी इंजिनाच्या माळा उतरवत होतो. तेलाच्या कपात अक्षती पडत, त्या कोंबडीच्या पिसानं काढत होतो. इतके वर्स केलं. कोनाले पत्ता नाई, कारन कधी काई बिघडलंच नाई. या साली मिस्तरी म्हने, हात लावू नको. नाई लावला. तुमी झाकनाले माळ बांधतानी मी दारातून पाहून राहिलो होतो. आता मी तं ते सोडू शकत नाई. म्हनून तुमाले सांगतलं. तुमीच बांधली, तुमीच पाहान असं वाटलं."

"मग साहेबासमोर हे काहून नाही बोलला?"

"काय बोलू? पूजेनं मशीन बिघडली म्हनू?" तो पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोलला. "दीक्षेले एक वर्स झालं फक्त. अन् मी असं बोललो तं गावात काय होईन, तुमाले मायित नाई का? माह्या एकट्याची नोकरी गेली तं गेली. पन मंग या वस्तीतल्या एकाही पोट्ट्याले त्या गेटाच्या आत कोनी घेनार नाई."

मी खिशातून दोरा काढून खाटेवर ठेवला. तो वाकून पाहू लागला, हात मात्र लावला नाही. मी सांगितलं की हा आत सापडला आणि हा माझ्या घरचा आहे.

"साहेबाले दाखवला?"

"नाही अजून."

"मंग पयले अथी काहून आले?"

आवाज त्यानं जरासुद्धा चढवला नाही.

"मले मायित हाये का नाई, ते पाहाले आले तुमी," तो म्हणाला. "मले मायित नसतं, तं तो दोरा खिशातच राहिला असता."

तो म्हणाला ते खरं होतं. मी इतकी वर्षं या वाक्याभोवती फिरून पाहिलं आहे, त्याला कुठून फट सापडते का ते पाहिलं आहे, पण नाही. त्याला माहीत नसतं तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक नाही, असं म्हणणंसुद्धा स्वतःला दिलेली सवलत आहे. मी खाटेवरून उठलो, दोरा उचलला आणि तिथून सरळ साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "जबाबात लिहिलंत ते खोटं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो तसं बोलला होता हे खरं, अर्थ मी माझ्या मनानं लावला. त्यांनी दोरा एका लिफाफ्यात घातला. अहवालात काय लिहायचं यावर ते बराच वेळ विचार करत बसले. शेवटी लिहिलं की बेअरिंगमध्ये बाहेरची वस्तू अडकल्याने बिघाड झाला, यात ऑइलमनचा दोष नाही. माळ, पूजा हे शब्द त्यांनी आणले नाहीत. माझ्या नावावर हलगर्जीचा ठपका आला. पुढच्या वर्षीपासून माळा इंजिनांना नाही, हॉलच्या दाराला घालायच्या असा हुकूम निघाला. हेडमिस्तरीनं त्यावर कुरकूर केली, पण पाळला.

ऑइलमन कामावर आला. मी त्याची माफी मागितली, हौदाच्या मागं, कोणी नसताना. चार लोकांसमोर मागायला हवी होती, तेवढी छाती झाली नाही. तो म्हणाला, "ठीक हाये." त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करू लागलो. त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. कुपी, फडकं, फेऱ्या, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं, आणि मला वाटलं, मिटलं.

महिनाभरानं दोन नंबरच्या झडपेचा आवाज बदलला. त्यानं ऐकला असणार, कारण तो मध्येच थांबला. पूर्वी तो सरळ माझ्या कठड्याशी आला असता. त्या दिवशी तो आधी गेटाकडं गेला, चौकीदाराला सोबत घेऊन आला आणि त्याच्यासमोर मला म्हणाला, "दोन नंबरची झडप पाहून घ्या." चौकीदाराला कशाला आणलं ते मला कळेना. माझा स्वभाव पाहता मला आधी यात काही कारस्थान असावं असं वाटलं. पुढच्या वेळी त्यानं हौदावरच्या माणसाला हाक मारली, त्याच्या पुढच्या वेळी हेडमिस्तरीला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिसऱ्या माणसाशिवाय तो मला एक शब्दही सांगत नव्हता. त्यानं सांगितलेली गोष्ट मी पुन्हा काय करून लिहीन, याची त्याला खात्री नव्हती.

मी त्याला एकदा म्हटलं, आता असं कशाला? तो म्हणाला, "असू द्या, भाऊ. बरं राहते." त्याला राग नव्हता. रागावला असता तर मी समजूत घातली असती. मी जन्मभर ज्या नजरेनं जगाकडं पाहिलं, ती नजर मी त्याला दिली होती. माझ्याकडं ती बापाकडून आली होती. त्याच्याकडं ती आधी नव्हती. असती तर नागपूरला जाता जाता तो मला झाकणाचं सांगायला थांबलाच नसता.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग पारसच्या नव्या वीज केंद्राकडून मोठ्या तारा आल्या, बाहेरची वीज स्वस्त पडू लागली आणि आमची इंजिनं एकेक करून थांबली. आधी एक नंबर, मग चार, मग दोन. हॉलमध्ये हळूहळू बोललेलं ऐकू यायला लागलं. ज्या दिवशी तीन नंबर कायमचं बंद केलं त्या दिवशी साहेब होते, वरचे दोन अधिकारी होते, चहा झाला आणि सगळे पांगले. मी बोर्डावरचे खटके उतरवत होतो. चिमण्या कैच्यांवर आवाज करत होत्या, तो मी तिथं प्रथमच ऐकला.

ऑइलमन कठड्याशी आला. कुपी हातात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या गावी रुजू होणार होता, मी अमरावतीतच राहणार होतो. त्यानं एक हात कठड्यावर ठेवला, तोंड उघडलं. त्याला मला काहीतरी सांगायचं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मी खटका सोडून त्याच्याकडं वळलो. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. मग त्यानं हात काढून घेतला आणि काही न बोलता गेला.